निकाहाआधीचे नाते : मनाईच्या पुढची शिकवण

लग्नाआधीच्या संबंधांबद्दल इस्लाम काय सांगतो, हे मुस्लीम घरात वाढलेल्या कुठल्याही मुलामुलीला वेगळे सांगावे लागत नाही. मदरशात, जुम्याच्या खुतब्यात, नाहीतर आईच्या तोंडून ते कानावर पडलेलेच असते : हे हराम आहे. कुरआनच्या सतराव्या सूरेतली आज्ञा तर व्यभिचाराच्या जवळही फिरकू नका, इतकी स्पष्ट आहे. तरीही कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी, इन्स्टाग्रामवर जुळलेली आणि घरापासून दडवलेली नाती आज आपल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आहेत. पिढी बिघडली, बेदीन झाली, असे म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. मला ते पटत नाही. ज्या मुलाला रोजा चुकवल्याची खंत वाटते, जी मुलगी परीक्षेच्या धावपळीतही नमाज सोडत नाही, तीच मुले या एका बाबतीत गोंधळलेली दिसतात, तेव्हा दोष केवळ त्यांच्या श्रद्धेत शोधून चालणार नाही. त्यांच्यापर्यंत शिकवणीचा अर्धाच भाग पोचला आहे. इस्लामने या संबंधांना मनाई केली आणि त्याच वेळी एक उघडा, सोपा, दोघांच्या संमतीचा रस्ताही आखून दिला. मनाई आपण घोकून घेतो आणि रस्त्यावर हुंडा, बिरादरी, जेवणावळी, 'लोक काय म्हणतील' यांचे दगड आणून टाकतो. म्हणून हा लेख जितका तरुणांसाठी आहे तितकाच त्यांच्या पालकांसाठी आहे.

पुरावा हवा असेल तर कुरआनची चोविसावी सूरह, सूरह नूर, सुरुवातीपासून वाचावी. या विषयावरचे बहुतेक आदेश तिथे एकत्र आले आहेत आणि त्यांचा क्रम विचार करायला लावतो. आरंभी व्यभिचाराची शिक्षा येते, ती स्त्री आणि पुरुष दोघांना सारखी. त्याला लागूनच, एखाद्या पाकदामन स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार आणू न शकणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा येते आणि त्याची साक्ष पुढे कधी ग्राह्य धरू नये असे बजावले जाते. मग हजरत आयेशांवर मदीनेत उठलेल्या खोट्या बोभाट्याचा प्रसंग, आणि ऐकीव गोष्ट तोंडातोंडी पसरवणाऱ्यांची कडक कानउघाडणी. पुढे, दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नये, ही आज्ञा. त्यानंतर नजर खाली ठेवण्याचा आदेश येतो. तो आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना नंतर. आणि लगेच पुढच्या आयतीत समाजाला सांगितले आहे की तुमच्यातल्या अविवाहितांची लग्ने लावून द्या. ते गरीब असतील तर अल्लाह त्यांना आपल्या कृपेने संपन्न करील. ज्यांना खरोखरच ऐपत नाही, त्यांनी ती येईपर्यंत संयम राखावा, हे त्याच्याही पुढे. म्हणजे तरुणांच्या संयमाची गोष्ट येते ती समाजाला त्याचे कर्तव्य सांगून झाल्यावर. आपल्याकडे मात्र संयमाचे व्याख्यान पहिले आणि बहुधा शेवटचेही असते. लग्न सुकर करण्याची, अफवा न पसरवण्याची, दुसऱ्याच्या खासगीत न डोकावण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते श्रोत्यांत बसलेले असतात, पण त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

इस्लाम नेमके कशाला घाबरतो, हेही समजून घेतले पाहिजे. सूरह निसा आणि सूरह माइदा या दोन्हींत लग्नाविषयीचे नियम सांगताना गुप्त यार-मैत्रिणी ठेवण्याचा निषेध आहे. एका ठिकाणी तो स्त्रियांच्या संदर्भात येतो, दुसऱ्या ठिकाणी पुरुषांच्या. सूरह बकरामध्ये इद्दतीत असलेल्या विधवेबद्दल फार नाजूक सूचना आहे : तिच्याशी लग्न करण्याची इच्छा आडून सुचवली किंवा मनात ठेवली तरी त्यात पाप नाही, कारण ती मनात येणारच हे अल्लाहला माहीत आहे, पण तिच्याशी चोरून आणाभाका करू नका, बोलायचे ते रीतीला धरून बोला. उलट निकाह लपवायचा नसतो. साक्षीदारांशिवाय तो होत नाही, त्याची वाच्यता करावी, डफ वाजवावा, ऐपतीप्रमाणे वलीमा द्यावा, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. या सगळ्यांतून एक सूत्र निघते. नाते चारचौघांसमोर सांगता येत असेल तर त्यातल्या दुबळ्या बाजूला संरक्षण असते. लपवावे लागत असेल तर ज्याचे हात वर करून निघून जाणे सोपे, त्याच्या मर्जीवर ते उभे असते. आपल्या समाजात असा निघून जाणारा बहुतेक वेळा मुलगा असतो आणि मागे उरते ती मुलगी, तिची बदनामी, कधी तिचे मूल. या मनाईमागे इबादतीचा आणि पावित्र्याचा विचार आहेच, पण हा न्यायाचा विचारही आहे. म्हणून एखाद्या नात्याबद्दल मन दुग्ध्यात असलेल्या तरुणाने स्वतःला पहिला प्रश्न हा विचारावा : हे मी माझ्या वडिलांना, तिच्या वडिलांना सांगू शकतो का? सांगू शकत नसेन, तर अडचण कशाची आहे? आपल्याला लग्नच करायचे नाही, ही अडचण असेल तर तिथेच थांबायला हवे. घरचे अडवतील, ही असेल तर उपाय वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. प्रेम काय ठरवून होते? मनावर कोणाचा ताबा असतो? हा आक्षेप खरा आहे, आणि इस्लामी परंपरेला तो नवा नाही. अकराव्या शतकातल्या कुर्तुबाच्या इब्न हज्म या कठोर फकीहाने प्रेमावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि मन जडणे ही आपल्या हातातली गोष्ट नसल्याने तिला मनाई असू शकत नाही, अशी भूमिका घेतली. मनात येणाऱ्या ओढीचा हिशोब मागितला जात नाही. तिच्यापायी जे करतो त्याचा मागितला जातो. पैगंबरांच्या काळातली मुगीस आणि बरीरा यांची कथा बुखारीत आहे. बरीरा गुलामीतून मुक्त झाली आणि तिने गुलाम नवऱ्यापासून वेगळे होण्याचा आपला हक्क वापरला. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्यामागे फिरे. पैगंबरांना त्याची दया आली, त्यांनी बरीराला परत विचार करायला सुचवले. तिने विचारले, हा हुकूम आहे का? नाही, नुसती शिफारस आहे, असे कळल्यावर तिने नकार दिला आणि तो नकार मानला गेला. प्रेमात पडलेल्याची कोणी टिंगल केली नाही आणि नको म्हणणारीवर कोणी जबरदस्ती केली नाही. आजच्या एकतर्फी प्रेमवीरांनी ही हदीस पाठ करावी. कोणावर मन गेले तर ते अपराध म्हणून कुरतडत बसू नये, पण त्या भावनेला जबाबदारीचा रस्ता दाखवावा : लग्नाचा विचार शक्य असेल तर घरातल्या एका समंजस व्यक्तीच्या कानावर घालावे, मावशी असो, मोठा भाऊ असो किंवा ओळखीचे मौलाना. शक्य नसेल तर अंतर राखावे, आणि 'फक्त मैत्री' या नावाखाली रात्रीच्या गप्पा चालू ठेवून स्वतःला फसवू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याच्यासोबत आयुष्य काढायचे त्याला आधी ओळखायला नको का? हवेच. एकमेकांना न पाहता-न बोलता लग्न ठरवण्याची जी रीत काही घरांत अजून आहे, तिला धर्माचा आधार नाही. मुगीरा बिन शुअबा यांनी लग्न ठरवल्याचे सांगितले तेव्हा पैगंबरांनी त्यांना मुलगी पाहून यायला सांगितले, कारण त्याने दोघांत जिव्हाळा टिकतो. त्याहून बोलका प्रसंग फातिमा बिन्त कैस यांचा, सहीह मुस्लिममधला. त्यांना दोन स्थळे आली होती. त्या सल्ला घ्यायला आल्या तेव्हा पैगंबरांनी आडपडदा ठेवला नाही : एक कफल्लक आहे, दुसऱ्याची काठी खांद्यावरून उतरत नाही, म्हणजे तो मारकुटा आहे. उसामा बिन जैद यांचे नाव त्यांनी सुचवले. फातिमा कुरैश घराण्यातल्या, उसामा मुक्त झालेल्या गुलामाचे पुत्र. त्यांना ते आधी रुचले नाही, तरी लग्न केले आणि ते सुखाचे झाले. यात आपल्याला दोन गोष्टी मिळतात. लग्नाच्या चौकशीत खरे सांगणे ही चुगली नव्हे, ते कर्तव्य आहे. मारकुट्या मुलाबद्दल शेजाऱ्याने 'पोरगा चांगला आहे' असे म्हणणे हा विश्वासघात आहे. आणि घराण्याची उंची हा निकष पैगंबरांनी बाजूला ठेवला.

तेव्हा ओळख करून घ्या, पण विचारायचे ते विचारा. वर्षभर लपून भेटणाऱ्या जोडप्यांनाही पगार किती, डोक्यावर कर्ज किती, लग्नानंतर राहायचे कुठे, बायकोचे शिक्षण-नोकरी चालू राहील का, आईवडिलांची जबाबदारी कशी वाटून घ्यायची, कुठले व्यसन किंवा आजार आहे का, आधीचा निकाह झाला होता का, हे ठाऊक नसते. लपून भेटताना माणूस आपली चांगली बाजू दाखवतो, आणि ओढ जितकी वाढते तितके दोष दिसेनासे होतात. घरी, दार उघडे ठेवून, बहीण किंवा भाऊ जवळ असताना झालेल्या चार-पाच मोकळ्या भेटींत हे सगळे विचारता येते. पालकांनीही या भेटी खऱ्या अर्थाने होऊ द्याव्यात; बशीतले पोहे संपेपर्यंतची वीस मिनिटे म्हणजे ओळख नव्हे. आणि मंगनीबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे, तो काढायला हवा. मंगनी, साखरपुडा, काहीही म्हणा, तो फक्त वायदा आहे. त्याने दोघे एकमेकांना हलाल होत नाहीत. एकट्याने फिरणे, एकांतात भेटणे यावरची बंधने कायम राहतात. मंगनी दोन-दोन वर्षे लांबवायची आणि मुलांना मोकळे सोडायचे, हा पालकांचा निष्काळजीपणा आहे. मध्यंतर लांबणार असेल तर निकाह करून रुखसती मागाहून ठेवावी. ही आपल्याकडची जुनी, चांगली सोय आहे.

एकांताचे रूप बदलले आहे हेही ध्यानात घ्यावे. महरम सोबत नसताना परक्या स्त्रीपुरुषांनी एकांतात राहू नये, ही हदीस सर्वांना माहीत आहे. पण बंद खोली आता खिशात आली आहे. एका वर्गात शिकताना, एका टीममध्ये काम करताना बोलावे लागते आणि त्यात वावगे काही नाही. कुरआनात मूसा अलैहिस्सलाम मदयनच्या विहिरीवर दोन परक्या मुलींशी बोलतात, त्यांच्या जनावरांना पाणी पाजून देतात, पुढे त्यांतलीच एक लाजत येऊन वडिलांचा निरोप सांगते, हा माणूस कामावर ठेवण्याजोगा आहे असेही सुचवते, आणि त्यातून लग्न ठरते. कामाचे, सभ्य, उघड बोलणे आणि मध्यरात्रीचे आपोआप पुसले जाणारे मेसेज यांतला फरक ज्याचा त्याला कळतो. विवाहाच्या काही मुस्लीम अ‍ॅपवर घरातल्या व्यक्तीला संभाषण पाहू देण्याची सोय असते. लग्नाच्या हेतूने बोलणाऱ्याला तिचा संकोच वाटायचे कारण नाही.

घरचे ऐकत नाहीत म्हणून हल्ली एक पळवाट निघाली आहे, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते : दोन मित्रांना साक्षीदार करून खोलीवर उरकलेला गुपचूप निकाह. 'आता हलाल झाले' अशी समजूत करून घेतली जाते. हनफी मसलकात सज्ञान मुलगी वलीशिवायही (पालकाशिवायही) आपला निकाह करू शकते, हे खरे. शाफईंच्या मते, आणि कोकणातले मुस्लीम बहुतांशी शाफई आहेत, वलीशिवाय निकाहच होत नाही. म्हणजे रत्नागिरीची शाफई मुलगी आणि मराठवाड्याचा हनफी मुलगा असेल तर ज्या गोष्टीने मनाचे समाधान करून घेतले तीच एका बाजूच्या फिक्हनुसार उभी राहत नाही. हा वाद बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतो. ज्या निकाहाची नोंद नाही, निकाहनामा नाही, मेहर ठरलेली नाही, जो पुढे नाकारला तर सिद्ध करणे मुलीला कठीण, त्याने चोरटेपणा संपत नाही, त्यावर फक्त धार्मिक शिक्का बसतो. निकाह करायचा तर काझीसमोर, लेखी निकाहनाम्यासह, दोन्ही घरांना सांगून करावा आणि त्याची रीतसर नोंदणी करावी. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा आहे. निकाहनाम्यात शिक्षण, नोकरी, राहण्याची जागा याबद्दलच्या रास्त अटी लिहून घेण्याची मुभा शरीयत देते. ती वापरणाऱ्या मुलीला हट्टी म्हणू नये.

आता घरच्यांचा हट्ट. मुलगा दीनदार आहे, कमावता आहे, पण अन्सारी आहे आणि आपण सय्यद, किंवा उलट. एवढ्यावर स्थळे मोडली जातात. ज्याचा दीन आणि स्वभाव पसंत पडला त्याला नाकारत गेलात तर जमिनीवर फितना माजेल, असा इशारा हदीसमध्ये आहे. आपल्यासमोर आज जे घडते आहे ते त्याहून वेगळे नाही. मुलीच्या संमतीबद्दलही असेच. खन्सा बिन्त खिदाम यांचे लग्न वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध लावले तेव्हा पैगंबरांनी ते रद्द ठरवले. रडून-रागावून, आजारपणाची भीती घालून मिळवलेला 'कबूल' हा कबूल नव्हे. मेहरबद्दल तर आपण उलटी गंगा वाहवली आहे. जवळ काहीच नसलेल्या एका सहाबीला लोखंडाची अंगठी तरी शोधून आण म्हटले गेले, आणि तीही मिळाली नाही तेव्हा त्याला पाठ असलेल्या कुरआनच्या बदल्यात निकाह लावला गेला. आपल्याकडे मेहर कागदावर राहते आणि जहेजच्या नावाखाली मुलीच्या बापाकडून फर्निचर, गाडी, शेकडो पानांची मेजवानी घेतली जाते. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याने मेहर वगळली आहे, जहेजची मागणी वगळलेली नाही. शिक्षण लांबते, नोकरी उशिरा लागते, हे काळाचे वास्तव आहे आणि त्यावर संयमाची, रोजे ठेवण्याची शिकवण तरुणांना आहेच. पण लग्नाच्या खर्चासाठी आणखी चार वर्षे थांबायला लावणे हा काळाचा दोष नव्हे, तो आपला आहे. याचा अर्थ कोवळ्या वयात लग्ने उरका असाही नाही. 2006 च्या कायद्याप्रमाणे मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा असायलाच हवा, आणि शिकून, कमावून संसार उभारण्याची ऐपत हीही शरीयतच्याच दृष्टीने महत्त्वाची आहे.

मुली विचारतात की ही सारी बंधने आमच्याच वाट्याला का. त्यांचा राग रास्त आहे. मुलगा रात्री अकराला परतला तर कोणी विचारत नाही. मुलगी कॉलेजातून अर्धा तास उशिरा आली तर मोबाइल काढून घेतला जातो, शिक्षण थांबवले जाते. हा दुजाभाव सूरह नूरमध्ये नाही. नजरेचा आदेश मुलाला आधी आहे, शिक्षा समान आहे, तौबाही समान आहे. मुलाला मोकळे सोडून मुलीला कोंडणारे घर धर्म पाळत नाही, आपली अब्रू सांभाळते, आणि मुलांना हा फरक लहानपणीच कळतो. मग खऱ्या मनाईचेही वजन त्यांच्या लेखी उरत नाही. मुसनद अहमदमध्ये एक तरुण पैगंबरांकडे येऊन व्यभिचाराचीच परवानगी मागतो. आजूबाजूचे लोक त्याच्यावर ओरडतात. पैगंबर त्याला जवळ बसवतात आणि विचारतात, तुझ्या आईसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी तू हे पसंत करशील का? तो नाही म्हणतो. मग त्याच्यावर हात ठेवून ते त्याच्यासाठी दुआ करतात. मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये नको ते दिसल्यावर काय करायचे, याचे यापेक्षा चांगले मार्गदर्शन मला माहीत नाही : जवळ बसवा, विचारा, ऐका, समजावा. अब्रूच्या नावाने हात उचलणे किंवा जीव घेणे याला शरीयतमध्ये जागा नाही. तिथे शिक्षेचा अधिकार बापाला, भावाला किंवा जमातीला दिलेलाच नाही, आणि चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची अट घालून आरोपाचेच तोंड बंद केले आहे.

ज्यांचे पाऊल आधीच घसरले आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांना कोणी काही सांगत नाही. अल्लाहच्या रहमतीतून निराश होऊ नका, असे सूरह जुमरमध्ये स्वतःवर अत्याचार केलेल्यांनाच उद्देशून म्हटले आहे. तौबा म्हणजे ते थांबवणे, मनापासून पस्तावणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. झालेल्याची जाहिरात करायची नाही, मित्रांतही नाही. अल्लाहने झाकलेले स्वतः उघडे करण्याला हदीसमध्ये मनाई आहे. होणाऱ्या जोडीदारापुढे जुन्या पापाची कबुली द्यायचे बंधन नाही, आणि जोडीदारानेही ते उकरू नये. आजार, आधीचा निकाह किंवा मूल मात्र लपवता येत नाही, ती फसवणूक होते. शंका असेल तर लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्यावी. नाते तोडल्यावर समोरचा फोटो पसरवण्याची धमकी देत असेल तर घाबरून पैसे देऊ नका, पुन्हा भेटायला जाऊ नका, आणि मेसेज पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सांगा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. अठराखालच्या मुलीच्या किंवा मुलाच्या बाबतीत 2012 च्या पॉक्सो कायद्याने संमती हा शब्दच गैरलागू ठरतो. अशा वेळी 1098 वर फोन करता येतो. आणि मुलगी हे सांगायला आली, तर 'तू गेलीसच कशाला' हा प्रश्न पालकांनी त्या दिवशी गिळावा. धमकावणाऱ्याला तिच्या गप्प राहण्याचाच आधार असतो, आणि ती पहिल्यांदा बोलली आहे.